मधल्या जागेत पडणारा पाय

झाईच्या बंदरापासून डहाणूच्या स्टेशनापर्यंत आमच्या मोठ्या भाऊजींइतका अस्वस्थ माणूस दुसरा नाही. कुणाला शंका असेल तर त्याने घोलवडला यावं आणि आमच्या ओट्यावर भाऊजींच्या शेजारी पाच मिनिटं बसून दाखवावं. भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले बंधू. ते बसतात तेव्हा कमरेवरचा माणूस बसलेला असतो, डाव्या गुडघ्याखालचा माणूस मात्र कुठेतरी निघालेला असतो. तो पाय जेवताना हलतो, पेपर वाचताना हलतो, न्हाव्याच्या खुर्चीत हलतो. न्हावी त्यांच्या मिशीपर्यंत आला की आधी पायाला हात लावतो, नमस्कारासाठी नव्हे, धरून ठेवण्यासाठी. मध्यंतरी गुडघा दाखवायला मी त्यांना डहाणूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छोटी हातोडी नुसती उचलली आणि पाय उडाला. "अहो, मी मारलं कुठे अजून?" डॉक्टर म्हणाले. "मारा तुम्ही सावकाश," भाऊजी म्हणाले, "तो त्याचं बघेल."

बरं, पाय हलवणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. भाऊजींचा पाय हलतो तो मात्र चुकीच्या वेळी. वाढदिवसाला सगळे टाळ्या वाजवतात ना, त्यात एक टाळी पडते, मग थोडी मोकळी जागा, मग दुसरी टाळी. भाऊजींची टाळी त्या मोकळ्या जागेत पडते. एकदा चुकून नाही, दर वेळी, न चुकता. आरतीत तेच. पाळण्याला झोका देताना तेच. माझ्या दोन्ही मुलांना लहानपणी भाऊजींनीच झोपवलं, आणि पुढे त्यांना कुणी सरळ झोका दिला की ती रडायची; पाळणा मध्ये क्षणभर अडवून मग सोडावा लागे. बोलण्यातही तोच प्रकार. तुम्ही विचारलंत, "भाऊजी, चहा घेणार?" तर उत्तर येत नाही. तुम्ही समजता, नको असेल. तुम्ही वळता, पाऊल उचलता, आणि ते पाऊल टेकायच्या आत मागून येतं, "अर्धा." मोठ्या जाऊबाई संसाराची सुरुवातीची काही वर्षं सगळे प्रश्न दोनदा विचारत. मग त्या शिकल्या. आता त्या प्रश्न विचारतात, एक भांडं घासतात आणि उत्तर घेतात.

ह्या सगळ्याचं मूळ एका कॅसेटमध्ये आहे. भाऊजींचा मामेभाऊ जहाजावर कामाला होता. तरुणपणी एका खेपेला त्याने कुठल्याशा परदेशी बंदरातून भाऊजींसाठी दोन वस्तू आणल्या, एक अत्तराची बाटली आणि एक कॅसेट. जमैका नावाच्या बेटावरच्या गायकाची. पुढे दोघांचं काहीतरी बिनसलं आणि मामेभावाने अत्तर परत मागितलं. कॅसेट मागितली नाही. ह्यावरून त्याने ती ऐकली होती, हे नक्की.

भाऊजींनीही पहिल्यांदा ती लावली तेव्हा त्यांना वाटलं, टेप बिघडला. सगळं उशिरा पडतंय. त्यांनी टेप उघडला, पुसला, पेन्सिल घालून रीळ ताणलं, पुन्हा लावली. पुन्हा उशिरा. असं करत करत त्यांनी ती बाजू संध्याकाळपर्यंत ऐकली आणि रात्री जेवायला बसले तेव्हा पाय सुरू झाला होता. तो आजतागायत थांबलेला नाही.

कॅसेटच्या वेष्टनावर त्या गायकाचं चित्र होतं, खांद्याखाली आलेल्या जटा आणि अर्धे मिटलेले डोळे. ते आमच्या सासूबाईंच्या हाती लागलं.

"कोण रे हा?"

"गायक आहे, आई."

"एवढ्या जटा राखल्यात, नुसता गायक कसा असेल? कुठल्या आखाड्यातला?"

"समुद्रापलीकडचा आहे."

"म्हणजे लांबून आलाय. उपाशी असेल," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते वेष्टन देवघरात दत्ताच्या तसबिरीशेजारी उभं केलं, त्याला कुंकू लावलं आणि पुढ्यात एक पिकलेला चिकू ठेवला. सासूबाई गेल्या, पण ती व्यवस्था कुणी मोडली नाही. देवघराची साफसफाई माझ्याकडे आहे, त्यामुळे मी सांगू शकते की आमच्याकडे एकादशीला त्या गायकालाही साबुदाण्याची खिचडी मिळते. दत्तजयंतीला हार दोन आणावे लागतात.

पुढे भाऊजींचा मुलगा कॉलेजात गेला तेव्हा त्याने आम्हाला शास्त्रोक्त माहिती दिली. ह्या संगीताला रेगे म्हणतात. त्यात जोर ठोक्यावर नसतो, दोन ठोक्यांच्या मध्ये असतो. आणि आमच्या घरातली ती कॅसेट म्हणजे साधीसुधी कॅसेट नव्हे; तो अल्बम जगभर अभिजात मानतात, त्याच्यावर पुस्तकं लिहितात, त्याच्यामुळे देशोदेशीची गाणी बदलली. मला वाटलं, भाऊजी उडतील. ते नुसते पाय हलवत म्हणाले, "जगाला वेळ लागला."

मुलाने गाण्यांचे अर्थही सांगायला घेतले, आणि तिथे मात्र वाद झाला. भाऊजींना इंग्रजी फारसं येत नाही, आणि ते बेटावरचं इंग्रजी तर इंग्रजांनाही येत नसावं. त्यामुळे त्यांनी फार पूर्वीच प्रत्येक गाण्याचा अर्थ आपला आपण लावून टाकला होता. पहिलं गाणं खाडीपलीकडे गेलेल्या बैलाचं. दुसरं सासुरवाशिणीचं. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं गाडी चुकलेल्या माणसाचं, पण त्या माणसाला त्याचं फारसं वाईट वाटत नाही, कारण फलाटावर सावली आहे. आमच्या चिकूच्या पॅकिंग शेडमधल्या बायकांना हे सगळे अर्थ पाठ आहेत. मुलगा म्हणाला, "बाबा, बैल नाहीये कुठेच. हे गुलामीबद्दल आहे. घरादारापासून तोडून नेलेल्या माणसांबद्दल." भाऊजींनी ऐकून घेतलं. मी मनात म्हटलं, आता उत्तर येणार. पाय दोनदा पडला. "तेच सांगतोय मी," भाऊजी म्हणाले. "बैल इकडे आहे, घर तिकडे आहे."

मागे एकदा मी त्यांना बोर्डीच्या किनाऱ्यावर नेलं होतं. तिथे मुंबईहून आलेला एक तरुण उभा होता आणि त्याच्या टी-शर्टवर, छातीभर, तोच चेहरा! भाऊजी थबकले, चपला काढल्या आणि त्या मुलाच्या पोटाला नमस्कार केला. मुलगा दोन पावलं मागे सरकला. "कुठलं गाणं जास्त आवडतं?" भाऊजींनी विचारलं. मुलगा म्हणाला, "गाणं वगैरे माहीत नाही, काका. सेलमध्ये होता." मी भाऊजींचा हात धरला, पण उशीर झाला होता. त्या मुलाला आमच्या घरी आणलं गेलं, ओट्यावर बसवलं गेलं, कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकवल्या गेल्या. जाऊबाईंनी त्याला जेवू घातलं. जाताना तो पायरीवरून उतरला तेव्हा मी नीट पाहिलं, पायरीवर पाय टेकण्याआधी तो किंचित थांबला. मी जाऊबाईंना म्हटलं, "ताई, गेला हाही."

कारण हे पसरतं. व्यवहाराची गोष्ट सांगते. आमच्या शेडमध्ये बायका चिकू निवडतात, मोठे, मध्यम, बारीक, आणि खोक्यांत भरतात. चिकू हे नाजूक फळ, जरा घाईत टाकलं की आतून मार लागतो आणि तो दिल्लीला पोचल्यावर दिसतो. भाऊजी शेडमध्ये येतात म्हणजे फेऱ्या मारतात. कोपऱ्यात टेप लावलेला, आणि हे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोक्यांमधून चाललेले. बायकांचे हात केव्हा त्या लयीत गेले ते मला कळलं नाही. फळ उचलायचं, थांबायचं, मग ठेवायचं. त्या थांबण्यात फळाचा वेग मरतो आणि ते खोक्यात अलगद बसतं. बाजारातून मार लागल्याच्या तक्रारी येणं जवळपास बंद झालं. मला पूर्वी ती लय आळशी वाटायची आणि मी एकदा टेप बंद करवला होता. त्या दिवशी रानशेतची सुमन, जी आमच्याकडे सगळ्यांत जुनी, ती म्हणाली, "काकी, गाना लावा वो. हात थांबत नाय, पलतो नुसता." मी खोक्यात पाहिलं आणि टेप लावला. घोलवडच्या चिकूची लोक तारीफ करतात, मातीची करतात, हवेची करतात. त्या बेटाचं नाव कुणी घेत नाही.

असा हा माणूस ज्याच्या पायाने शेड चालते, पाळणे चालतात, त्याची आयुष्यात एकच इच्छा होती आणि ती त्या पायामुळेच पुरी होत नव्हती. त्यांना दत्तमंदिरातल्या भजनी मंडळात टाळ धरायचा होता.

आमचं मंडळ दर गुरुवारी संध्याकाळी बसतं. बुवा म्हणजे गिरणीवाले बुवा. दिवसभर पीठ दळतात आणि गुरुवारी गातात; गळा गोड, शिस्त कडक. मंडळाचे निरोप, गाडी, प्रसाद, सतरंज्या हे सगळं मी बघते, त्यामुळे मंडळाचा इतिहास मला ठाऊक आहे. भाऊजी तरुणपणी मंडळात होते. टाळ हातात आला की त्यांचा हात पडायचा तो मोकळ्या जागेत. चौदा टाळ एकदम वाजायचे आणि पंधरावा मागून यायचा, दारात चप्पल अडकलेल्या पाहुण्यासारखा. बुवांनी पुष्कळ सोसलं. मग एका गुरुवारी भजन थांबवून ते म्हणाले, "भाऊ, देवापुढे खोटं नको. तुम्ही हातात तबक धरा, उदबत्ती धरा, माझी मान धरा. टाळ धरू नका."

भाऊजींनी टाळ खाली ठेवला, उठले आणि सभामंडपाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसले. त्या गुरुवारपासून ती त्यांची जागा; मंडळ बाहेरगावी गेलं की मांडवाची कड. त्या पायरीची फरशी सैल आहे, पाय पडला की टक असा आवाज करते. ती बसवून घ्यायचं माझ्या कामांच्या यादीत दर वर्षी असतं आणि दर वर्षी काहीतरी जास्त तातडीचं निघतं. तर आत भजन आणि बाहेर पायरीवर भाऊजी, आणि दोन टाळांच्या मध्ये टक. मंडळातले लोक हसायचे आधी, मग सवयीचे झाले, मग त्यांना ऐकूच येईना. भाऊजींनी कधी तक्रार केली नाही. पण भजन संपून टाळ पेटीत ठेवायला मी गोळा करायचे, तेव्हा ते उठून यायचे आणि त्यांतला एक उचलून, दोन्ही वाट्या एकमेकींना न लावता, तसाच पेटीत ठेवायचे. त्यावरून मला कळायचं.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने वापीला फ्लॅट घेतला. त्याची नोकरी तिथे, बायको तिथे, आणि आईवडिलांनी आता आपल्याजवळ राहावं हा आग्रह. वापी काही लांब नाही, पण हद्दीपलीकडे, गुजरातेत तर आहेच. जाऊबाई तयार झाल्या. भाऊजींचा पाय मात्र इतका वाढला की ओट्यावरची पाण्याची कळशी एका जागी राहीना. फेऱ्या मारू लागले. सकाळी शेडमध्ये, दुपारी स्टेशनावर, संध्याकाळी परत शेडमध्ये. चिकूची खोकी गाडीत चढताना बघायचे आणि गाडी सुटली की तिच्याबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत जायचे. एका दुपारी माझ्यासमोर उभे राहिले.

"काय मॅनेजर, मंडळाचा तलासरीचा कार्यक्रम कधी आहे?" मला ते मॅनेजर म्हणतात.

"रविवारी. टेम्पो सांगितलाय. का?"

थोडी जागा गेली. "त्यानंतर आम्ही जाणार. एकदा टाळ मिळाला असता."

मी गिरणीत गेले. बुवा पिठाने पांढरे झाले होते. मी मुद्दे मांडले. एक, माणूस गाव सोडून चाललाय. दोन, त्यांनी इतकी वर्षं पायरीवर बसून काढली. तीन, एका भजनाने काही बिघडत नाही.

"बिघडतं," बुवा म्हणाले. "ताई, तलासरीला आजूबाजूची पंधरा मंडळं येणार. भजन म्हणजे माळ आहे. एक मणी भलत्या जागी गेला की लोकांना तोच दिसतो."

"आणि नीट वाजवलं तर?"

"तो?" बुवा हसले, मग गिरणीचा पट्टा बंद करून म्हणाले, "नीट वाजवणार असेल तर शेवटचं भजन त्याचं. पण पाय नको. पाय मांडीखाली."

मी हे घरी सांगितलं. भाऊजींनी त्याच क्षणी टेप बंद केला. मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. जाऊबाई ओट्यावर पोळपाट घेऊन बसायच्या आणि लाटण्याने ठोके द्यायच्या, आणि भाऊजी समोर मांडी घालून, डावा पाय उजव्या मांडीखाली दाबून, टाळ वाजवायचे. कपाळावर घाम. ठोका पडला की हात जाऊ बघायचा पुढच्या जागेत आणि ते त्याला ओढून आणायचे, जसं कुणी खाडीपलीकडे जाणारा बैल ओढावा. "आता, आता, आता," जाऊबाई म्हणायच्या. "अगं कळतंय मला!" "कळतंय तर वाजवा ना!" तीन दिवस घरात कुणाला धड पोळी मिळाली नाही. शेडमध्ये टेप बंद होता, भाऊजी फेऱ्या मारायला येत नव्हते, आणि बायकांचे हात पळू लागले. सुमनने मला विचारलं, "काका आजारी हाय का?" मी म्हटलं, नाही, सुधारतायत.

आणि खरंच सुधारले. शनिवारी संध्याकाळी लाटणं आणि टाळ एकदम पडले. पुन्हा एकदम पडले. जाऊबाईंनी लाटणं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, परका माणूस घरात आलाय.

तलासरीला मोठा मांडव होता, लाकडी फळ्यांचं व्यासपीठ, समोर डोंगराकडच्या गावांतून आलेली माणसं, बायका, मुलं. मी वेळा पाहून, पाणी वाटून, सगळ्यांना क्रमाने बसवलं. बुवांचे गुडघे अलीकडे धरतात, म्हणून त्यांना खुर्ची. भाऊजी दुसऱ्या रांगेत कडेला. आमची पहिली दोन भजनं झाली, तेव्हा ते हात जोडून बसले होते, पाय मांडीखाली. मला ती भजनं जरा घाईत गेल्यासारखी वाटली. बुवाही पखवाजवाल्याकडे एकदा बघते झाले. पण परगावी होतं असं. मग बुवांनी मान हलवली आणि भाऊजींनी टाळ उचलला.

पंधरा टाळ एकदम पडले. एकदम! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा एकदम. भाऊजींनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते, आता, आता, आता. आणि तेवढ्यात भजन पळायला लागलं. आधी मला वाटलं रंग चढतोय. मग पखवाजवाला टाळकऱ्यांच्या मागे धावू लागला, टाळकरी पखवाजाच्या पुढे, बुवांचा श्वास शब्दांत मावेना. पेटीवाला मध्येच थांबून घाम पुसायला लागला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "यांची गाडी सुटते का काय?" लोक हसले. बुवांनी गाता गाता हाताने खूण केली, सावकाश, सावकाश. कुणाला सावकाश होता येईना, कारण कशाला धरून सावकाश व्हायचं तेच कुणाला सापडत नव्हतं. भाऊजी तेवढे कडेला बसून नेमके वाजवत होते. जितकं भजन पळेल तितके ते सगळ्यांबरोबर पळत होते, आज्ञाधारक, पांढरेफटक.

बुवांनी एकदम मागे वळून पाहिलं. "पाय कुठाय?" ते ओरडले. अगदी माइकसमोर. "भाऊ, पाय कुठाय तुमचा?"

"मांडीखाली!" भाऊजी घाबरून ओरडले.

"सोडा तो! सोडा पाय!"

भाऊजींनी पाय सोडला. तो इतके दिवस दाबलेला पाय फळ्यांवर पडला आणि पोकळ व्यासपीठ घुमलं. दोन टाळांच्या मध्ये, मोकळ्या जागेत. पुन्हा पडला. त्याच्यामागोमाग त्यांचा हातही सुटला आणि टाळही तिथेच पडू लागला, भलत्या जागी, जिथे तो तरुणपणापासून पडायचा. आणि चौदा टाळ, सवयीने, त्याच्या मागेपुढे जाऊन आपापल्या जागेवर बसले. भजन सावकाश झालं. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की आम्ही लय धरतो आणि भाऊजी मध्ये लुडबुड करतात. प्रत्येक जण पायरीवरच्या त्या टकची वाट बघून मग आपला टाळ टाकत होता, आणि हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ज्या शिस्तीसाठी आमचं मंडळ तालुक्यात नावाजलेलं, ती शिस्त एका लांबच्या बेटावरून, मामेभावाच्या पेटीतून, अत्तराबरोबर आलेली होती.

समोरच्या बायका डोलायला लागल्या. ती म्हातारी टाळ्या वाजवत होती, आणि तिच्या टाळ्या कुठे पडत होत्या ते मी सांगायला नको. भजन संपल्यावर दुसऱ्या एका मंडळाचे बुवा आले आणि आमच्या बुवांना विचारू लागले, "ही लय कुठल्या परंपरेतली?" बुवांनी भाऊजींकडे पाहिलं, भाऊजींनी माझ्याकडे. मी म्हटलं, "समुद्राकाठची आहे."

टेम्पोत बसताना बुवांनी भाऊजींच्या हातातला टाळ काढून घेतला नाही. म्हणाले, "राहू दे तुमच्याकडे. तिकडे लागेल." भाऊजींनी तो धोतराच्या सोग्यात गुंडाळला. पुढे थोडी जागा गेली आणि टेम्पोने वळण घेतल्यावर ते म्हणाले, "मी तिथे कुणाच्या मध्ये वाजवू?"

ते गेल्यावर पहिल्या गुरुवारी पायरी रिकामी होती आणि भजन पळालं. मी पायरीवर बसण्याच्या पाळ्या लावल्या. प्रत्येकाने प्रामाणिकपणे पाय आपटला. कुणाचा नीट ठोक्यावर, कुणाचा कुठेच नाही. सुमनला बोलावलं, तिचा हात त्या लयीत असतो पण पाय नाही. शेडमध्ये टेप चालू आहे, कॅसेटवरून पुतण्याने सगळं मोबाइलमध्ये घालून दिलंय, पण फेऱ्या मारणारं कुणी नसल्यामुळे मीच दिवसातून चार वेळा या टोकाहून त्या टोकाला जाते. देवघरातलं वेष्टन जाऊबाईंनी नेलं नाही. म्हणाल्या, "त्याला इकडची सवय आहे."

मग मला उपाय सुचला. दर गुरुवारी भजनाआधी मी भाऊजींना फोन लावते, स्पीकर चालू करते आणि फोन शेवटच्या पायरीवर ठेवते. तिकडे वापीला सातव्या मजल्यावर ते फोन समोर घेऊन बसतात, भजन ऐकतात आणि फरशीवर पाय देतात. जाऊबाईंनी खालच्या घरातल्या गुजराती बाईंना आधी जाऊन सांगून ठेवलंय, "बेन, गुरुवारे थोडो अवाज आवशे." पहिल्या वेळी सगळे श्वास रोखून बसले होते. टाळ पडला. फोनमधून पायाचा आवाज आला.

बरोबर टाळावर.

आमचा आवाज तिकडे जायला थोडा उशीर, त्यांचा पाय इकडे यायला थोडा उशीर. तो सगळा उशीर मिळून भाऊजींचा पाय मोकळी जागा ओलांडून थेट पुढच्या ठोक्यावर येऊन पडत होता. दर वेळी. टाळ आणि पाय एकदम. आयुष्यभर ज्यासाठी तो माणूस पायरीवर बसला, ते तिकडे सातव्या मजल्यावर त्यांच्या नकळत होत होतं. आत कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. मी मनात म्हटलं, आता भजन पळणार.

पण पळालं नाही. मध्ये काहीतरी टक करत होतं. मी वळून पाहिलं. गुडघ्याला पंख्याचा वारा लागतो असं सांगून बुवांनी त्या दिवशी आपली खुर्ची मागे, पायरीपाशी ठेवून घेतली होती. डोळे मिटून ते गात होते, आणि खुर्चीखाली त्यांची टाच त्या सैल फरशीवर, फोनच्या शेजारी, दोन टाळांच्या मधल्या जागेत पडत होती.

भजन संपल्यावर मी फोन उचलला. पलीकडून, थोड्या वेळाने, भाऊजींचा आवाज आला, "काय मॅनेजर, आज माझा पाय कसा पडला? चुकला ना?"

बुवांनी माझ्याकडे पाहून बोट ओठांवर ठेवलं.

"चुकला," मी म्हटलं. "नेहमीसारखाच."

मग थोडी जागा गेली आणि ते हसले.